समोरच्याचा चेहरा

त्या नाटकमंडळीत रंगपटाला आरसा नसे. रंगमंचावर ज्याच्यासमोर उभे राहून बोलायचे, त्यानेच आपला चेहरा रंगवायचा, हा तिथला शिरस्ता. मंडळी उभी करणारे गुरुजी म्हणत, "तिथे आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं?"

शिंप्याला ते दिवस आठवले की रंगाचा तेलकट वास अजून नाकाशी येई. दुकानाला कुलूप घालून तो तडक नाट्यगृहात येत असे. नाटकात घड्याळजी त्याचा धाकटा भाऊ. नाटक संपले तरी त्याच्या तोंडचे 'दादा' जात नसे. शिंपी कालव्याच्या अलीकडचा, घड्याळजी पलीकडचा, याची तेव्हा कोणाला आठवणही होत नसे.

मग दोन्ही वस्त्या एकमेकींवर उठल्या. पलीकडच्या बाजारातले शिंप्याचे दुकान जळाले. समोर घड्याळजीचे दुकान होते. मदतीला त्याचे शटर शेवटपर्यंत उघडले नाही.

त्यानंतर बंद पडलेले नाट्यगृह कित्येक वर्षांनी आज उघडत होते. गुरुजींच्या मुलीने, ताईने, दोघांच्या घरी खेटे घातले होते. "तेच नाटक, तेच भाऊ. तुम्ही दोघं उभे राहिलात तरच दोन्हीकडची माणसं एका छपराखाली बसतील, काका." शिंपी तालमींना आला, वाक्ये म्हटली आणि मान खाली घालून परतला. पण रंग आज लागायचा होता. त्या हाताला आपण आपला चेहरा देऊ की उठून घरी जाऊ, हे त्याचे त्यालाच उमगत नव्हते.

घड्याळजी रंगाची डबी घेऊन समोर बसला.

"नाक अजून तेवढंच आहे तुझं."

"शिंप्याचं असलं म्हणून काय झालं? आखूड करून घ्यायला ते कापड आहे?"

घड्याळजीची बोटे कपाळावरून गालावर उतरली. बारीक स्क्रूंना सरावलेली, तीच हलकी बोटे. शिंप्याला ती हवीशी वाटली, आणि त्याचाच त्याला राग आला.

"डोळे मीट. पापणीवर रेघ काढतो."

शिंप्याने डोळे मिटले नाहीत. "तुझ्या शटरच्या फटीतून दिवा दिसत होता," तो म्हणाला.

ब्रश हवेतच राहिला.

"आत होतो मी. कडीवर हात ठेवून उभा होतो."

"मग?"

"भ्यालो. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल."

पडद्यापलीकडे माणसे येऊन बसत होती. कोणी खोकला, तर तो अलीकडचा की पलीकडचा, हे खोकल्यावरून कळत नव्हते. ताई दारात आली. "काका, घंटा देऊ?"

शिंप्याने मनात चाचपून पाहिले. क्षमा म्हणावे असे काही हाती लागेना. फक्त त्या माणसाची आठवण येत होती, तो समोर बसलेला असूनही.

"दे," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

पापणीवरून ओली, गार रेघ सरकत गेली.

मग जागा बदलल्या. घड्याळजीचा चेहरा उजेडाकडे वळवताना शिंप्याचे बोट ओठाच्या कडेशी थबकले.

"ही सुरकुती कधीची?"

"तू यायचा थांबलास ना, नंतरची."

नाटकातला धाकटा भाऊ तरुण होता. सुरकुती बुजवणे भाग होते. शिंप्याने बोटावर रंग घेतला आणि घंटा होऊन गेली तरी तो ती हळूहळू, जणू दुखेल अशा बेताने, भरत राहिला.