खिडकीवालं कव्हर

चूक लग्नाच्याही आधीची होती. पहिल्याच भेटीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटरमधलं कळतं का तुम्हाला?" आणि जावई म्हणाला होता, "थोडंफार." तो गाद्यांच्या गोदामात कामाला होता. किती गाद्या आल्या आणि किती गेल्या, हे कॉम्प्युटरवर भरायचा, त्यामुळे उत्तर खोटं नव्हतं. सासऱ्यांनी मात्र त्यातलं 'थोडं' टाकून दिलं आणि 'फार' तेवढं जपून ठेवलं.

म्हणूनच आज सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर सासूबाईंचा जुनाट लॅपटॉप उपडा पडला होता, त्याचं पोट उघडं होतं आणि जावयाचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप हलत होता.

पाच वाजता सासूबाईंची परीक्षा होती. त्या ज्या दुकानासाठी कव्हरं शिवायच्या ते बंद पडलं होतं. आता एका शिवणसंस्थेला घरबसल्या पाठ घेणाऱ्या बाई हव्या होत्या. आज संस्थेच्या बाई पडद्यावर येऊन नमुन्याचा पाठ बघणार होत्या. तो जमला तर नोकरी, नाही जमला तर जागा दुसऱ्या बाईंना. मग मशीन विकून टाकायचं, असं सासूबाई स्वतःच बोलून बसल्या होत्या. आणि लॅपटॉप असा की सासरे बटण दाबून अंघोळीला जायचे, तरी परत येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा.

मेमरीची पट्टी जावयाने तिरकी खोचली आणि दाबली. टक्‌ आवाज झाला. नवी डिस्क सरकवली. गोदामातल्या मित्राने पेनड्राइव्हवर भरून दिलेली सिस्टीम चढवली. आणि काय आश्चर्य, लॅपटॉप डोळा मारावा तसा चटकन चालू झाला.

"झालं?" सासरे मागून म्हणाले. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते. हातात लांबीचा डबा घेऊन घरभर फिरायचे आणि दिसेल ते भोक बुजवायचे. लॅपटॉपला नेटची केबल लावायची जागासुद्धा त्यांनी मागेच लांबी भरून बंद केली होती. मुंग्या जातात म्हणून.

"फक्त नेट जोडायचं राहिलं, बाबा. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं काही संपेनात. नेटवर्कची यादी रिकामी होती. घराच्या भिंती इतक्या जाड की शेजाऱ्यांचं नेट कधी डोकावायचंही नाही. मोबाइलची रेंज यायची ती जिन्याच्या वळणावर, तीही एका बाजूला झुकून उभं राहिलं तर.

"एका लाइनवर चार नळ सोडले की शेवटच्याला नुसती धार लागते," सासरे म्हणाले. "घरातल्या सगळ्या फोनांचं वाय-फाय बंद करा. सगळा जोर याला मिळू दे."

जावयाने मुकाट्याने सगळ्या फोनांचं वाय-फाय बंद केलं. सासऱ्यांशी वाद घालण्याइतकं लग्न जुनं झालं नव्हतं. यादी रिकामीच राहिली.

"आई!" त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "कपाटावरच्या नेटच्या डब्याचे दिवे लागलेत का?"

आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. "लागलेत की!"

"हिरवे?"

"हिरवेगार! छान दिसताहेत."

मशीन पुन्हा धडधडू लागलं. म्हणजे डबा ठीक. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात आपणच काहीतरी घोटाळा केला. आत एका छोट्या पट्टीवर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी टिचबटणासारख्या लावलेल्या असतात. त्या नेट पकडतात, असं त्याने जिन्यात वाकडं उभं राहून एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्यातलीच एखादी निघाली असणार.

पुन्हा उघडायला हवा. स्क्रू ड्रायव्हर कुठाय?

स्क्रू ड्रायव्हर निळ्या कापडी म्यानात होता. म्यानाला नाडी, नाडीला गाठ. चार्जरच्या ठोकळ्याला झालर लावलेला झगा. माउसला टोपडं. सासूबाईंना काळजी वाटली की त्या कव्हर शिवायच्या. घरात रिमोटला कव्हर होतं, वजनकाट्याला होतं आणि शिलाई मशीनच्या कव्हरालाही मळू नये म्हणून वरून एक होतं. आज तर त्यांचे हात क्षणभरही थांबत नव्हते. त्या अधूनमधून बाहेर यायच्या, टेपने काहीतरी मोजायच्या आणि आत पळायच्या.

दोन्ही वायरी जागच्या जागी होत्या. जावयाने त्या उगाच अजून दाबल्या. झाकण लावलं, स्क्रू पिळले. एक स्क्रू उरला. तो टेबलावर ठेवून वळेपर्यंत सासूबाईंनी तो उचलला आणि एका बोटभर पिशवीत टाकला.

"हरवेल हो," त्या म्हणाल्या, आणि पिशवी बंद करून टाकली. टाके घालून.

फोनला रेंज मिळावी म्हणून जावई जिन्यात गेला, तोच तो वाजला. बायको ऑफिसातून बोलत होती.

"आई काय करतेय?"

"कव्हरं."

"कशाकशाला झाली?"

"स्क्रू ड्रायव्हरला झालं."

"बापरे. माझ्या दहावीच्या निकालाला ती बादलीपर्यंत पोचली होती. घाबरलीये रे ती. तिच्यासमोर 'जमत नाही' म्हणू नकोस हं."

"म्हटलं तर?"

"तर तुझं माप घेईल."

तो परत आला तेव्हा लॅपटॉपच्या पडद्याभोवती फुलाफुलांच्या कापडाची चौकट बसली होती. त्यावर काही बोलायला वेळ नव्हता. पाच वाजायला आले होते. सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट करून खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. हातात शिवायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून टेपच गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नसेल होत तर राहू द्या. त्या दुसऱ्या बाईही चांगल्याच शिकवत असतील."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जावई उठला, दिवाणखान्यात एक फेरी मारली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी न पिताच बाहेर आला आणि शेवटी आतल्या खोलीत शिरला. निदान डबा स्वतःच्या हाताने बंद करून चालू करू, म्हणून.

कपाटावर डबा नव्हता. चकचकीत चंदेरी गाठोडं होतं. चारही बाजूंनी शिवलेलं, वायरीपुरतं मोजून भोक ठेवलेलं, आणि समोर पारदर्शक प्लॅस्टिकची लांबट खिडकी. खिडकीतून हिरवे दिवे लुकलुकत होते. छानच दिसत होते.

"आई, हे काय?"

सासूबाई दारात आल्या. "दुपारी तुम्हीच म्हणालात ना, डबा गरम लागतोय? म्हणून जेवणाच्या पिशव्यांना लावतो ते चंदेरी अस्तर घातलं. त्यातून गरम-गार काही आरपार जात नाही. चांगलं दुहेरी घातलंय."

"आई... त्यातून नेटही जात नाही."

"म्हणजे कॉक बंद होता," मागून सासरे म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे सबंध दुपार तुम्ही तिकडे उघडताय आणि मी इकडे..."

आता काहीतरी बोलायला हवं होतं. "तुमची शिवण पक्की आहे म्हणून, आई," जावई म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असती तर थोडं तरी गळलं असतं."

गळतीत हयात घालवलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली.

सासूबाईंनी कमरेची छोटी कात्री काढली. काही क्षणांत चंदेरी साल सोलून पडली आणि बाहेर टेबलावर लॅपटॉप टिंग करून बोलला. जावई धावला. जोडणी झाली. पाचच्या ठोक्याला पडद्यावर संस्थेच्या बाई आल्या. चष्मा, मानेभोवती टेप, चेहऱ्यावर कंटाळा.

"नमस्कार. तुमचा आवाज येतोय, पण चित्र काळं आहे. कॅमेरा बंद आहे का?"

जावयाने सेटिंग उघडलं, बंद केलं, परत उघडलं. कॅमेरा चालूच होता. त्याने सासऱ्यांच्या हातातल्या लांबीच्या डब्याकडे संशयाने पाहिलं.

"मी नाही," सासरे म्हणाले.

"अगं बाई!" सासूबाईंनी जीभ चावली. "ते भिंग सारखं बघत बसतं. म्हणून त्याच्यापुढे बोटभर कापड टाचून टाकलं मघाशी."

आणि त्या कात्री घेऊन पडद्यावर वाकल्या. पहिल्याच टाक्यावरून कात्री दोनदा घसरली. दुकानातल्या शिकाऊ पोरींपुढे पुटपुटायची सवय होती, तसं त्या स्वतःशीच बोलू लागल्या, "घाई नाही करायची. दोरा ओढायचा नाही, कापड फाटतं. एक सोडून एक टाका कापायचा. मग खालचा दोरा आपणच सुटून येतो. कापडाला कळतसुद्धा नाही."

बोलता बोलता कात्री सराईतपणे चालू लागली.

पलीकडे काळ्या पडद्यात आधी उजेडाचा ठिपका पडला असेल. मग कात्रीचं टोक. मग दोऱ्याचं एक टोक वळवळत निघून गेलं असेल, आणि शेवटी सासूबाईंचा एक मोठा डोळा. कारण संस्थेच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या.

"पाठ सुरू झालाय का?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. जावयाने जोरजोरात होकारार्थी मान डोलावली.

"हो," सासूबाई सरळ बसत म्हणाल्या. "खिसा शिवायला शिकवणार होते. पण शिवायला काय, कुणीही शिकवेल. आज उसवायला शिकू."

संस्थेच्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि टेबलाखालून एक ब्लाउज काढला. त्याची एक बाही चक्क उलटी लागली होती. "ही सुटेल का हो? कापड नाजूक आहे."

"दाखवा. अजून जवळ धरा. अहो, ही कुणी लावली?"

"मीच," बाई म्हणाल्या.

"असू दे, असू दे. कात्री घ्या. पहिला टाका सोडा, दुसरा कापा."

जावई भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा पाय हलायचा थांबला होता. सासरे चवड्यांवर जवळ आले आणि लॅपटॉपच्या खालच्या कडेला, उरलेल्या स्क्रूच्या मोकळ्या भोकाकडे बोट दाखवून कुजबुजले, "हे उघडं राहिलंय."

त्यांच्या बोटाला लांबी लागलेली होती.

"राहू द्या, बाबा."

"हवा जाईल आत."

"जाऊ द्या."