कपाटाला पाठिंबा

धंद्यात मामांचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं हवा बिघडलीय, तर बिघडलीय. बत्तीस वर्षं दुकान यावरच चाललं होतं. अशा माणसाला केशकर्तनकार संघटनेनं सरकारशी भांडायला पाठवलं, ही संघटनेचीच चूक.

भांडण कपाटाचं होतं. एकदा खाली ठेवलेली कात्री किंवा कंगवा चाळीस मिनिटं विजेच्या जंतुनाशक कपाटात ठेवल्याशिवाय पुन्हा उचलायचा नाही, असा नियम करायचं कपाटवाल्या कंपन्यांच्या महासंघानं सरकारला पटवलं होतं. किंमत अशी, की मामांना एक तर कपाट ठेवता आलं असतं, नाहीतर दुकान.

सुनावणीला मामा आत गेले तर समोर उपसचिव, म्हणजे त्यांचंच बारा वर्षांचं गिऱ्हाईक.

"नियम चांगला आहे ना हो?"

"एकदम बरोबर, साहेब," मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

इतिवृत्तात नोंद झाली: संघटनेचा पाठिंबा. महासंघाच्या टायवाल्या प्रतिनिधीनं खूश होऊन एक कपाट नमुना म्हणून दुकानात पाठवून दिलं.

"तोंड काय घरी ठेवून गेला होतात?" मामीनं विचारलं.

"अगं, त्यांची मान दिसली की माझी आपोआप डोलते."

"मग डोलवा खुशाल. पण आता नियमही पाळा."

शनिवारी सकाळी उपसचिव आले. अकरा वाजता त्याच नियमावर मंत्र्यांची सही घ्यायची होती. फाईल मांडीवरच होती. मामांनी डोक्याची एक बाजू उरकली, चादर सारखी करायला कात्री खाली ठेवली, मग ती कपाटात घातली आणि शांतपणे स्टुलावर बसले.

"काय झालं?"

"चाळीस मिनिटं, साहेब. मग कंगवा. कपाटात एका वेळी एकच मावतं."

"अहो, नियम अजून लागू कुठं झालाय?"

"पण चांगला आहे ना. म्हटलं, साहेबांपासूनच सुरुवात करावी."

मामा थट्टा करत नव्हते, हीच पंचाईत होती. उपसचिवांनी आरशात पाहिलं. डावीकडून ते उपसचिव दिसत होते, उजवीकडून फरारी आरोपी.

"उकळत्या पाण्यानं नाही का भागणार?"

"पाच मिनिटांत भागतं, साहेब."

"आधण ठेवलंच आहे," आतून मामी म्हणाली.

साहेबांनी चादरीखालून हात काढला आणि फायलीत एक ओळ वाढवली: 'किंवा पाच मिनिटे उकळते पाणी'. मंत्र्यांनी तिच्यासकट सही केली.

हल्ली महासंघाचे टायवाले साहेबांना ती ओळ खोडायला लावण्यासाठी दर शनिवारी दुकानात येतात आणि उपसचिवांशेजारी बाकावर नंबर लावून बसतात. आता टायवाल्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मामा नुसती कात्री वाजवतात.