आठ वितींचा स्कार्फ

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची चटई आहे. कार्यशाळेत माझ्यावर लोकरीचे स्कार्फ लाटतात. लोक काय काय गुंडाळून ठेवतात ते रोज पाहते, म्हणून स्वभावानं मी संशयी झाले.

तो मंगळवार अगदी साधा होता. बाईंनी निळी-पिवळी लोकर माझ्यावर पातळ पसरली, एक थर उभा, एक आडवा. साबणाचं कोमट पाणी शिंपडलं आणि मला गुंडाळून लाटायला घेतलं. तीनशे वेळा लाटलं की लोकर आटून घट्ट होते. पूर्वी बाईंचा स्कार्फ म्हणजे ओढून दाखवायची वस्तू, इतका घट्ट! आता शंभरातच हात थकत आणि बाई म्हणत, "झाले तीनशे."

त्या चहाला गेल्या, की त्यांची लेक उरलेले दोनशे गुपचूप लाटायची. आईचा मान राहावा म्हणून.

पण त्या मंगळवारी बाईंनी चहाला जाताना आणि परतल्यावर स्कार्फ वितीनं मोजला.

"आठ वितींचा होता, सात कसा झाला?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या शिंपीणकाकूंकडे रोखून पाहिलं. "तुझ्या हातात सदा कात्री!"

"कात्री लावली असती तर कापलेली कड दिसली असती. डोळे आहेत की बटणं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! लेक मान खाली घालून साबण चोळत राहिली. पंधरा वर्षांची मैत्री असलेल्या काकू पिशवी उचलून दुसऱ्या टेबलावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्याच नाहीत; झोपेतच गेल्या.

मी तशीच ओली, गुंडाळलेली, कोपऱ्यात. मित्रांनो, ओली चटई गुंडाळून ठेवू नका. बुरशी आतून धरते, वरून दिसत नाही. धुवा, उलगडा, उन्हात टाका. जो तो माझ्याकडे बघून नाक मुरडायचा आणि मला वाटायचं, आज हा नक्की फेकणार.

दोन महिन्यांनी लेक आली. फेकायलाच आली असेल, मी म्हटलं. तिनं मला घासलं, वाळवलं आणि थेट काकूंच्या टेबलावर नेऊन पसरलं.

काकूंनी मान वर केली नाही. "आता तू मोजणार का?"

"काकू," ती म्हणाली. सगळ्यांचे हात थांबले, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "आईला जमेना, म्हणून मागून मी लाटायचे. त्यानं आटायचा स्कार्फ. तुमच्यावर आळ आला, तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी मी गप्प बसले."