पहिल्या पानावरचे सतरा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. वय अकरा वर्षे. माणसांत हे वय शाळेत जाण्याचे. आमच्यात ते निवृत्तीचे. माझ्यावरचे दोन फोटो आता उघडत नाहीत. ‘संपर्क’ या शब्दावर बोट ठेवले तर पान यायला वेळ लागतो. तरीही कोणी बोलावले की मी येते. दुसरे काही मला करता येत नाही.

माझा जन्म पेणचा, जगन यांच्या गणपतीच्या कारखान्यातला. पेणला मूर्ती घडवण्याच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग तो घराच्या पडवीत का असेना. जगन यांची मुलगी किमया तेव्हा कॉलेजात होती. सुट्टीत आठ दिवस बसून तिने मला बनवले. शाडूच्या मूर्तींचे सहा फोटो, पत्ता, फोन नंबर आणि कारखान्यात जे शब्द रोज कानावर पडत ते सगळे शब्द: साचा, घासकाम, आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे कुंचल्याने काढणे. ते काम जगन यांच्या वहिनी अनसूयाबाई करतात.

शब्द चांगले होते, पण ते कोणी शोधत नव्हते. माणूस फोनवर जे शब्द टाकतो, ते ज्या पानावर सापडतात ते पान वर येते. मी चौथ्या पानावर पडून होते. तिथपर्यंत कोणी येत नाही. सुरुवातीला किमया रोज मला उघडून पाही. मग ती नोकरीला लागली. पुढे सात वर्षे माझ्यावरची एक ओळही बदलली नाही.

मग एका वर्षी कारखान्यातल्या बासष्ट मूर्ती विक्रीविना राहिल्या. शाडूच्या मूर्तीला वेळ लागतो आणि ती जड असते. आजूबाजूला प्लास्टरच्या मूर्ती भराभर निघतात. उरलेल्या मूर्ती कागदात गुंडाळून माळ्यावर चढवताना जगन यांनी घरात सांगून टाकले: आणखी एक हंगाम पाहायचा. जमले नाही तर कारखाना बंद करायचा आणि रोह्याला कंपनीत शिफ्ट धरायची. ओळखीच्या माणसाने कामाचा शब्द दिला होता. अनसूयाबाईंनी एवढेच विचारले की कंपनीत जाऊन तू कोणत्या मातीला हात लावणार.

तेव्हा किमयाला माझी आठवण झाली. तिने रोह्याहून निमिष नावाच्या तरुणाला बोलावले. वेबसाइट वर आणणे हा त्याचा धंदा. त्याने लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. लोक काय शोधतात, किती शोधतात आणि कधी शोधतात, हे त्यात दिसते. ‘गणपती मूर्ती’ या शब्दांची रेघ वर्षभर जमिनीला टेकलेली. माघी गणपतीला एक छोटा उंचवटा. आषाढात चढण, आणि चतुर्थीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सरळ सुळका.

“काका, आखणी कोणी शोधत नाही,” निमिष म्हणाला. “लोक ‘शाडूची मूर्ती’ टाकतात, ‘पेणचा गणपती’ टाकतात, ‘घरपोच’ टाकतात. आपण तेच लिहायचं.”

“लिव की. शाडूचीच हाय,” जगन म्हणाले.

माझ्यावरचे शब्द बदलले गेले. ‘शाडू’ हा शब्द अकरा ठिकाणी बसला. नाव नोंदवायचा एक तक्ता आला. मला सुळक्याच्या दिवसांत सगळ्यांत वर न्यायचे, असे ठरले.

चूक तिथेच झाली, आणि ती कोणा एकाची नव्हती. शाडूची मूर्ती आषाढ लागायच्या आत साच्यातून निघून सुकत ठेवलेली असावी लागते. नंतर हवेत ओल असते, माती आतून सुकत नाही. श्रावणात फक्त रंग आणि आखणी. पेणला हे कोणी कोणाला सांगत नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक असते. निमिषला ते ठाऊक नव्हते. आणि सुळका आला म्हणजे किती माणसे येतात, हे जगन यांना ठाऊक नव्हते. मूर्ती किती आहेत, हा आकडा माझ्यावर कोणी लिहिलाच नाही.

श्रावणात मी पहिल्या पानावर पोहोचले. तिथे मी सतरा दिवस होते.

माझे एवढे कौतुक आधी कधी झाले नव्हते. जगन येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवून सांगत, आमची साइट एक नंबरला हाय. एका सकाळी त्यांनी संगणकापुढे उदबत्तीही लावली. शेजारच्या कारखान्याचे बाबाजी मला पाहायला आले आणि म्हणाले, आता जगनशेठ म्हणायला पाहिजे. माळ्यावरच्या धरून एकशे वीस मूर्ती मोकळ्या होत्या. नवव्या दिवशी त्या संपल्या. मी नावे घेतच राहिले. जगन यांनी निमिषला फोन केला, तर तो म्हणाला की आता नोंदणी थांबवली तर साइट खाली जाईल. सतरा दिवसांत एकशे एक्याऐंशी नावे झाली.

एकसष्ट मूर्ती कमी. आणि कारखान्याची रीत अशी, की नाव लिहून घेतले की मूर्ती त्या घराची झाली.

नवव्या दिवशी मूर्ती संपल्या, तेव्हाच जगन यांनी चार कारखान्यांत विचारले होते. शाडूची कच्ची मूर्ती कोणाकडेच शिल्लक नव्हती. मग त्यांनी भर श्रावणात माती भिजवली, साचे भरले आणि मूर्तींसमोर मोठे दिवे लावून ठेवले. मूर्ती वरून पांढऱ्या दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी पहिल्या मूर्तीच्या सोंडेवर केसाएवढी चीर आली. दुपारपर्यंत दहा मूर्तींना आली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही.

बाबाजींनी तोड सुचवली. त्यांच्याकडे त्याच उंचीच्या प्लास्टरच्या मूर्ती होत्या. रंग चढला की कोणाला कळणार नाही, म्हणाले. जगन यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मूर्ती आल्या, रंगवल्या गेल्या आणि आखणीसाठी अनसूयाबाईंसमोर मांडल्या गेल्या.

त्यांनी एक मूर्ती नखाने वाजवून पाहिली आणि कुंचला धुऊन ठेवला.

“भावजी, यांचे डोळे मी काढणार नाय.”

“वहिनी, लोकांना शब्द दिलाय.”

“शाडूचा दिलाय. विसर्जनाला पाण्यात घालतील, नि हा तसाच बसून ऱ्हाईल. दुसऱ्या दिवशी खाडीच्या काठाला येऊन लागंल. मग पेणात तोंड दाखवशील काय?”

जगन माझ्याकडे वळले. पडद्यावर मी उघडीच होते, आणि अकरा ठिकाणी शाडू म्हणत होते. मित्रांनो, खोटे बोलायला मला कोणी शिकवले नव्हते. ते माझ्याकडून होऊ घातले होते. त्या घटकेला मला पुन्हा चौथ्या पानावर जावेसे वाटले.

शेवटी त्यांनी किमयाला बोलावून नोंदणी बंद करायला लावली. लोक सर्वांत जास्त शोधत होते त्या दिवशी माझ्यावर एकच ओळ होती: यंदाच्या मूर्ती संपल्या. प्लास्टरच्या मूर्ती बाबाजींकडे परत गेल्या. मग जगन यांनी यादी घेतली आणि दोन दिवस बसून एकसष्ट घरांना फोन केले. काहींनी समजून घेतले. काहींनी बोलणे अर्ध्यावर तोडले. जिते गावच्या नमिता शिक्षिका होत्या, त्यांनी शांतपणे विचारले:

“मूर्ती नव्हती, तर नाव कशाला लिहून घेतलंत?”

“ते साइटनं घेतलं, बाई.”

“मग साइटलाच मखरात बसवू का?”

जगन यांनी माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला. चाळिसाव्या फोनपासून त्यांचा आवाज बसला होता.

माझे काय झाले, ते थोडक्यात सांगते. लोक येत, ती ओळ वाचत आणि लगेच मागे फिरत. शोधयंत्राला ते कळते. रागावलेल्या घरांनी पाचपैकी एकेक तारा दिला. पाहता पाहता मी दुसऱ्या पानावर आले, मग तिसऱ्या. निमिषचा फोन येणे बंद झाले.

दिवाळीनंतर अनसूयाबाईंनी किमयाला तो आलेख पुन्हा उघडायला लावला. त्या शाळेत फार गेलेल्या नाहीत, पण रेघ त्यांना कळते.

“हा सुळका आपल्या काय कामाचा गो? आपल्याला माती भिजवायच्या आधी माणसं पायजेत.”

त्यांनी बोटांवर मागे मोजले. श्रावणात रंग, आषाढाच्या आत सुकवण, त्याआधी साचे. म्हणजे नावे होळीच्या आत. किमया म्हणाली, पान वर चढायलाही काही महिने लागतात. म्हणजे लिहायचे आत्ताच, कोणी शोधत नसताना. मग त्या दोघींनी माघातल्या त्या छोट्या उंचवट्यावर भरवसा ठेवला. पहिल्यांदाच माझ्यावर आकडा आला: किती मूर्ती होतील, किती नावे झाली, नोंदणी कधी बंद.

इकडे जगन यांनी आपला हिशेब सांगितला होता. होळीपर्यंत शंभर नावे झाली तर कारखाना, नाहीतर रोहा. कंपनीतून दोनदा विचारणाही झाली होती.

होळीला नावे झाली एकाहत्तर. त्यांतली बावीस, ज्यांना नाही म्हटले होते त्या घरांची.

जगन यांनी आकडा पाहिला. एकाहत्तर म्हणजे शंभर नव्हेत, म्हणाले, आणि रोह्याला फोन करायला मोबाइल हातात घेतला. अनसूयाबाईंनी एकाहत्तर नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली.

“तिकडे मागनं लाव. आधी ह्या एकाहत्तर घरांना नाय म्हणून सांग.”

जगन यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मोबाइल खिशात ठेवला. मग उठले आणि एकाहत्तर मूर्तींपुरती माती भिजत घातली.

मित्रांनो, मी दमले आहे, म्हणून फार उपदेश करत नाही. तुमच्या घराची, दुकानाची, शाळेची माझ्यासारखी कोणी असेल, तर लोक काय शोधतात ते जरूर पाहा. पण आपल्यापाशी ते किती आहे, हे तिला आधी सांगा, आणि तो आकडा वेळच्या वेळी बदला. आम्ही आलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेतो. नाही म्हणणे आम्हाला येत नाही; ते तुम्हालाच म्हणावे लागते.