दोन सुरांची घंटा

जपानमधल्या साकाई शहराच्या मिनोबे सायकल-घंटा कंपनीला पंचाहत्तर वर्षं होत होती. अशा वेळी सगळ्या कंपन्या करतात तेच मिनोबेने केलं : स्वतःचा जाडजूड इतिहास लिहायला काढला. लेखिका हातादा रित्सुको विद्यापीठात कामगार चळवळ शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरू, म्हणत. कंपनीला मुखपृष्ठावर त्यांचं नाव हवं होतं, त्यांना एकोणपन्नास सालच्या संपावर एक प्रकरण. प्रकरण नाही तर नाव नाही, हे त्यांनी इतिहास विभागाच्या सुगितानींना आधीच बजावलं होतं.

सुगितानींना संप नको होता. त्यांना संस्थापकांनी शोधलेली दोन सुरांची घंटा हवी होती. कंपनी मोठी झाली ती तिच्यावरच.

निकाल लागणार होता निवृत्तांच्या बैठकीत. अशी बैठक प्रत्येक कंपनी-इतिहासात असतेच. म्हातारे जमतात, आठवणी सांगतात, टेप फिरते आणि सगळं छापलं जातं. सुगितानींनी खुर्च्या जुन्या हुद्द्यांप्रमाणे मांडल्या. सर्वांत वर माजी संचालक कुरोइवा. ते म्हणतील त्याला बाकीचे माना डोलावणार, आणि संचालक राहिलेला माणूस संपाचं नाव कशाला काढेल?

जेवणाचे डबे संपले. हातादांनी विचारलं, "संपाचं कुणाला काही आठवतं?"

सगळ्यांनी कुरोइवांकडे पाहिलं.

"आठवतं म्हणजे काय, सेन्सेइ! कारखान्याचं गेट आतून मीच लावलं होतं!"

सुगितानींचा चहा सांडला. पण वरच्या खुर्चीला मध्येच तोडायचं कसं?

"काय थापा मारता!" पॉलिश खात्यातल्या ओमोरीबाई उसळल्या. "गेट मी लावलं. तुम्ही भिंतीवर चढून मालकांच्या घराकडे घंटा वाजवत बसला होतात, माकडासारखे!"

"आणि आवाज पोचतच नव्हता!" कुरोइवा म्हणाले. "म्हणून तर आम्ही घंटेच्या आत आणखी एक वाटी बसवली."

हातादा खुर्चीवरून अर्धवट उठल्या. "दोन वाट्या? एकाच घंटेत?"

"खटका दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. सगळ्या कारखान्याने एकदम वाजवली. मालक चप्पल न घालता धावत आले!"

हसण्याचा स्फोट झाला. सगळे एकदम बोलू लागले.

"पण स्प्रिंग?" हातादांनी आवाज चढवला. "एका स्प्रिंगवर दोन ठोके कसे बसवलेत?" महिनाभरात त्यांनी घंटेबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

सुगितानीही न राहवून पुढे सरकले. "मालक आल्यावर काय झालं?"

"म्हणाले, पगाराचं नंतर बोलू, आधी ती पुन्हा वाजवा."

मग सुगितानी भानावर आले. "सेन्सेइ, हे छापलं तर संस्थापकांचा शोध जातो. अध्यक्ष मला घरी बसवतील."

"आणि हे वगळलं तर माझं नाव जातं."

कुरोइवांनी कोपऱ्यातला फोन ओढला आणि अध्यक्षांना लावला. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचा मुलगा. "धाकटे मालक, मी कुरोइवा. ती घंटा तुमच्या वडिलांनी शोधली नव्हती. आम्ही संपात केली... हो, संपात... पण ऐकून ओळखली ती त्यांनीच. आम्हाला तो नुसता गोंगाट वाटत होता."

कुरोइवांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"विचारताहेत," ते म्हणाले, "तेव्हाची एखादी घंटा कुणाकडे उरली आहे का? फोटो छापायचा म्हणतात."

ओमोरीबाई तोवर चपला शोधू लागल्या होत्या. "माझ्या सायकलला आहे की. खालीच लावलीय."

टेप चालूच राहिली. सगळे जिन्याकडे पळाले, सर्वांत पुढे हातादा, आणि त्यांना गाठायला सुगितानी.