खडूची रेघ

ब्रेकच्या पायडलवरचं रबर कोरं करकरीत होतं... थोरल्याने नखाने त्याची कड उचलून पाहिली. खालचं लोखंड कुणाच्या तरी बुटाखाली वर्षानुवर्षं घासून एका बाजूला पार झिजलेलं. आणि मीटर म्हणतोय, माल उचलायची ही फोर्कलिफ्ट जेमतेम वर्षभर चाललीय. वा रे वा! रंग नवा, रबर नवं, म्हातारपण तेवढं जुनं.

"दादा, झालं का बघून?" धाकटा दलालाशेजारी खुर्ची टाकून आरामात बसला होता. "आमचं बोलणं झालंय. तू फक्त एकदा हो म्हण."

फक्त हो म्हण. म्हणजे उद्या काही बिघडलं तर दादानेच पाहिली होती, असं म्हणायला हा मोकळा. गोदाम धाकट्याचं, गाडी चालवायची थोरल्याने... वडील वाटणीच्या वेळी म्हणाले होते, त्याला व्यवहार कळतो, तुला यंत्रं कळतात – आणि आपण, गाढव, ते कौतुक समजून कितीतरी दिवस छाती फुगवून हिंडलो.

त्याने गाडीच्या पुढच्या काट्यांवर लोखंडी पट्ट्यांचा खोका घेतला, छातीच्या उंचीपर्यंत उचलला, इंजिन बंद केलं आणि काटे जिथे थांबले तिथे गाडीच्याच उभ्या खांबावर खडूने रेघ मारली. गाडी धड असेल तर ओझं रेघेपाशीच राहतं. नसेल तर हळूहळू खाली उतरतं. बस, उभं राहून बघायचं.

दलालाची बडबड चालूच होती. रेघेखाली बारीक फट दिसायला लागली. मग बोटभर. ओझं आवाज न करता खाली येत होतं, आणि थोरल्याच्या मनात कुणीतरी म्हणत होतं, ये, अजून खाली ये...

तो दचकला. कोण म्हणतंय हे? मीच? अरे, छपराला टेकतील एवढ्या उंच थप्प्यांखाली उद्या हिच्यावर मलाच बसायचंय! तरी आतून उकळ्या फुटत होत्या – चुकला, शहाणा एकदाचा चुकला.

"थोडं बसणारच हो, वय झालंय तिचं," दलाल म्हणाला.

"आमचा दादाही हल्ली बसल्या जागी पेंगतो," धाकटा हसला. "म्हणून काय बदलायचा?"

दलाल खो खो हसला. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नको म्हटलं की घरी जाऊन हा बायकोला सांगणार, दादा जळतो माझ्यावर. सांगू दे. खोटं कुठे आहे? इतकी वर्षं एकाच छपराखाली जळतोच आहे की मी... पण गाडीतला दोषही खोटा नाही, ओझं डोळ्यांदेखत उतरतंय.

"काय दादा, घेऊ ना?"

त्याने तोंड उघडलं. नको, एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण तो शब्द जिभेवर इतका गोड लागला की त्याला स्वतःचीच शिसारी आली. खडू मुठीत चुरत तो तसाच उभा राहिला, आणि रेघेखालची फट वाढतच होती.