अंतराळवीर घरी येतो तो प्रसंग

सुरुचीने एका परदेशी विज्ञान मालिकेच्या डबिंगसाठी मराठी संवाद लिहिले होते. पहिलंच काम. सासऱ्यांनी एक तरी बरा शब्द बोलावा म्हणून रविवारी दुपारी तिने चंदनसारच्या घरात पहिला भाग लावला. आत्मारामांनी तो चहासोबत संपवला आणि निकाल देऊन टाकला, की ठीक आहे, पण आमच्या वेळच्या अंतराळ मालिकेची सर नाही.

त्या मालिकेचं कौतुक घरात सगळ्यांना पाठ होतं. यान पुठ्ठ्याचं, पण माणसं खरी. त्यातही शेवटचा भाग! वर्षानुवर्षं अंतराळात भटकून नायक घरी येतो, बायको दार उघडते, आणि हा बाबा पहिलं काय विचारतो, तर "आज पाणी आलं का?" असं एक तरी वाक्य तुझ्या मालिकेत आहे का, असं त्यांनी सुनेला तोंडावर विचारलं. तिचा चेहरा उतरला. ते त्यांना दिसलं, पण खरं बोलायला आपण कुणाला भीत नाही, हा त्यांचा खाक्या.

सुरुचीही हट्टी. पुढच्या रविवारी तिने ती जुनी मालिका इंटरनेटवर हुडकून काढली आणि म्हणाली, दाखवा बाबा, मला शिकायचंय.

नायक घरी आला. बायकोने दार उघडलं, ओवाळलं, आणि पडद्यावर नावं सुरू झाली. पाण्याचा कुणी विषयच काढला नाही. आत्मारामांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला, मग त्याच्या आधीचा. कुठेच नाही. अजून मागचा लावू का, असं सुरुचीने विचारलं, ते त्यांना जास्त लागलं.

मग एकदम आठवलं. तेव्हा ते वसईला कारखान्यात होते. सेकंड शिफ्ट असली की मालिका बुडायची, आणि घरी आल्यावर बायको, लतिका, ताट वाढता वाढता तो भाग सांगायची. त्यांच्या भाड्याच्या खोलीत नळाचा काही भरवसा नसायचा. दारात चपला काढताना ते रोज तिला तेच विचारायचे.

लतिका जाऊन दोन वर्षं झाली होती. आत्मारामांना हसू आलं आणि डोळेही भरले.

"तो भाग मी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "तुझ्या सासूने सांगितला होता. मालिका राहिल्या बाजूला, मी तुझी तुलना तिच्याशी करत बसलो."

सुरुचीने रिमोट उचलला आणि आपल्या मालिकेचा दुसरा भाग लावू का, असं हळूच विचारलं.

"लावू नकोस. आधी तू सांग," आत्माराम म्हणाले. "आणि तिच्यासारखं नको. तुझ्यासारखं सांग."